बाळंतिणीचे बोचके

मांजर्लीत राहायला येऊन मला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. शाळेची नोकरी संपली, परंतु वस्तीतल्या मुली मला अजून ‘बाई’ म्हणतात. त्यांपैकी कुणाला दिवस गेले की सातव्या-आठव्या महिन्यात ती केव्हातरी दारात येऊन उभी राहते आणि विचारते, “बाई, दवाखान्यात जाताना संगं काय काय न्यायचं?” प्रश्न साधा आहे. कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढेच त्याचे उत्तर आहे, आणि सुरुवातीला मी तेवढेच देत असे. पण जसजसे हे उत्तर देत गेले तसतसे माझ्या लक्षात येऊ लागले की, प्रश्न केवळ झबल्या-टोपड्यांचा नाही. बाळंतिणीच्या पिशवीत काय असते, ते कुणी भरायचे, आणि जे दवाखान्याने द्यायचे ते तिच्या पिशवीत का येते, हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. आपल्या बैठकांत तो ‘बायकांचा विषय’ म्हणून बाजूला पडतो. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

हा विषय आपल्यात नवा नाही. १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. तिचे वय तेव्हा चौदा वर्षांच्या आसपास होते. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या त्या निबंधात तिने बाळंतिणीचा प्रश्न थेट विचारला आहे. डोक्यावर छप्पर नसताना, थंडी-वारा-पावसात आमच्या बायका बाळंत होतात. त्यांना बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कोठून आणायचा? वैद्य म्हणवणाऱ्यांनी आमच्यासाठी काय केले? पावणेदोनशे वर्षे होत आली. घरावर स्लॅब पडला, दवाखाना आला. पण औषधाच्या पैशाचा प्रश्न पुरता संपला असे मला म्हणता येत नाही.

माझा जन्म १९६३ साली नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. आई सांगे, तिच्या बाळंतपणाची सगळी तयारी म्हणजे एक बोचके. त्यात दोन विटकी लुगडी, चिंध्या आणि जाड दोरा. राख चुलीत असेच, आणि नाळ कापायचा विळा कुडाला खोचलेला. सुईण मांगवाड्यातली म्हातारी. ती आमच्या महारवाड्यात येई तशीच पाटलाच्या वाड्यातही जाई. तेथे आडलेल्या बाईच्या पोटावर तिचेच हात फिरत, मूलही तिच्याच हातांत पडे. वार पुरली की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. मग घर सारवून शुद्ध करायचे, आणि तिच्या पदरात वरून जुने लुगडे व पसाभर जोंधळे टाकायचे. ज्यांनी जन्मभर विटाळ पाळला, त्यांच्या अंगाला या जगात झालेला पहिला स्पर्श अस्पृश्य बाईचा होता. हे ते विसरले. पण आपणही त्या सुईणीची आठवण कितीशी ठेवली?

तिचे कसब खोटे नव्हते. आडवे मूल तिला हाताने कळे. पण विळा आणि राख यांत काय असते ते तिला कुणी सांगितले नव्हते. माझ्या आधी जन्मलेला भाऊ आठव्या दिवशी गेला. त्याचे तोंड मिटले, तो दूध ओढीना, अंग लाकडासारखे ताठ झाले. ‘सटवाई कोपली’ असे म्हणून घर गप्प बसले. तो धनुर्वात होता, हे मला पुढे अध्यापक विद्यालयात आरोग्याचा पाठ चालू असताना समजले. मातीत, शेणात राहणारे जंतू नाळेच्या ओल्या तोंडातून आत जातात. आईला गरोदरपणात धनुर्वाताची लस मिळाली आणि पाते, दोरा, हात स्वच्छ असले की हा मृत्यू टळतो. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी मला भावाची आठवण आली. त्याला नावही ठेवलेले नव्हते.

तेव्हापासूनचा बदल मोठा आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८८.६ टक्के झाली, आणि महाराष्ट्रात ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. म्हणजे आता प्रश्न दवाखान्यात जावे की नाही हा राहिलेला नाही. तेथे काय घेऊन जावे आणि काय मागून घ्यावे, हा आहे.

मागून घेण्याचा पाया बाबासाहेबांनी घातला आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतीविषयक विधेयकाच्या बाजूने ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार प्रामुख्याने सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. स्वतः बाबासाहेब आणि रमाईंची चार मुले लहानपणीच गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ते भाषण केवळ कायदेपंडिताचे वाटत नाही. बाळंतपण हा घरातला खर्च नसून समाजाचे देणे आहे, हा विचार तेथून येतो.

त्या विचाराचे आजचे रूप म्हणजे जून २०११ पासूनचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत, शस्त्रक्रिया करावी लागली तरी मोफत. औषधे, कापूस-हातमोज्यांसारखे साहित्य, तपासण्या आणि लागले तर रक्त, सारे मोफत. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस जेवण मोफत. घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात, आणि परत घरी जाण्याचे वाहनही मोफत. आजारी नवजात बाळालाही हेच लागू आहे. यासाठी कोणतीही जात वा उत्पन्न पाहायचे नाही. ही माहिती भिंतीवरच्या फलकावर असते; परंतु कळा सोसणारी बाई फलक वाचत नाही. तो आधीच कुणीतरी तिला वाचून दाखवला पाहिजे.

येथे आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. हा कार्यक्रम नवीन होता त्या काळात आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले की, बायांना सांगायचे: काही नेऊ नका, सगळे हक्काने मागा. तत्त्व म्हणून ते बरोबरच होते. नाक्यावर काम करणाऱ्या एका मजुराची बायको आमचे ऐकून रिकाम्या हाताने गेली. रात्री दोन वाजता ती मोकळी झाली. वॉर्डात कापूस संपलेला, मावशी म्हणाली बाहेरून आणा, नवरा मेडिकल शोधत धावला तर दुकान बंद. सकाळपर्यंत ती स्वतःचा परकर घड्या करून घेऊन पडून होती. रुग्णालय कोणते, ते महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की, लढाई आम्ही पुकारली आणि लढायला पाठवले कळा देणाऱ्या बाईला, एकटीला. सकाळी भेटायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, “बाई, तुमचं खरं असंल, पण रातीला कुणाशी भांडू?” मला उत्तर देता आले नाही.

त्या दिवसापासून माझा सल्ला बदलला. जे लागणार ते पिशवीत न्यायचे. हक्क सोडायचा नाही, पण तो बाळंतिणीच्या अंगावर ढकलायचा नाही. बाहेरून काही आणायला सांगितले तर ती चिठ्ठी जपून ठेवायची, दुकानाची पावती घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी अर्ज घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे जायचे. तोंडी तक्रारीला उत्तर तोंडीच मिळते, कागदाला मात्र कागदाने उत्तर द्यावे लागते.

आता पिशवीकडे येते. आठवा महिना लागला की पिशवी भरून ठेवावी. कळा नवव्याची वाट पाहतीलच असे नाही. यावर घरातून पहिला विरोध येतो. १९९० साली माझ्या पहिल्या वेळी सासूबाई म्हणाल्या, “आधीच कुंची-टोपडं शिवू नये, दृष्ट लागती.” बावीस प्रतिज्ञा आमच्या घरी भिंतीवर लावलेल्या होत्या. पण सटवाई काही घर सोडून गेली नव्हती. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ज्या बाईने मुले पुरली, ती आशेलाही घाबरते. मी त्यांना म्हटले, “आत्याबाई, नवं काही घेत नाही, जुनंच धुऊन ठेवते.” ते त्यांना चालले. आणि खरे तर तेच चांगलेही आहे. घरातल्या किंवा शेजारच्या मुलाची जुनी मऊ सुती झबली, टोपडी, लंगोट, दुपटी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावीत. नवीन कापडही न धुता बाळाला घालू नये. आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, दोन जुन्या सुती साड्या, आतले कपडे, डझनभर मोठे पॅड. पॅड परवडत नसतील तर तशाच धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या. बाळंतपणानंतर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल तर ‘होतंच असं’ म्हणून पडून राहू नये, ताबडतोब सिस्टरला हाक मारावी. अतिरक्तस्रावात वेळ फार थोडा असतो.

चादर, टॉवेल, साबण, चप्पल, ताट-वाटी-चमचा, पाण्याची बाटली, थर्मास, मोबाईलचा चार्जर. यात सांगण्यासारखे एकच. बाळंतिणीला पाणी देऊ नये, पोट सुटते, अशी समजूत अजून आहे. ती चूक आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागते आणि तिने पोटभर पाणी प्यावे. जेवणाचेही तेच. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातील बाळंतिणीच्या उपासमारीचे जे वर्णन आहे, ते ज्यांनी वाचले असेल त्यांना मी डबा पाठवण्याचा आग्रह का धरते ते समजेल. रुग्णालयाचे जेवण घ्यावेच, आणि घरून भाकरी, पालेभाजी, हळिवाची खीरही न्यावी. डिंकाचे लाडू झाले तर उत्तम. नाही झाले तर त्यासाठी कर्ज काढू नये.

काय नेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. दुधाची बाटली, पावडरचा डबा, मधाची बाटली, घुटी, काजळ ही सगळी पिशवीतून काढावीत. पहिल्या तासात बाळ छातीशी लावावे. पहिला पिवळसर चीक आजही काही घरांत पिळून टाकतात, आणि तोच बाळाचा आजारापासूनचा पहिला बचाव असतो. मूल आधी कोरडे पुसून आईच्या उघड्या अंगावर ठेवावे, पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. नाळेला राख, हळद, तेल काहीही लावू नये.

मोठ्या पिशवीपेक्षा मला लहान पिशवीची काळजी जास्त असते. ती कागदांची. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, बाईच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचे पासबुक, आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स. रक्तगट मोठ्या अक्षरांत वर लिहून ठेवावा. आईचा गट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते. ते राहिले तर पुढच्या बाळाला धोका असतो. पैशांच्या योजनाही याच पिशवीवर अवलंबून आहेत. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदणी असेल तर प्रसूतीसाठी वेगळे साहाय्य मिळते. पण नोंदणी आधी केलेली पाहिजे, आणि आमच्या नाक्यावरच्या निम्म्या बायांची ती नसते. तेथे आपल्या विद्यार्थ्यांनी बसून अर्ज भरून द्यावेत. एका दिवसात व्याख्यानापेक्षा जास्त काम होईल.

आणि जातीचा दाखला. जननी सुरक्षा योजनेचे पैसे महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना मिळतात. शहरी भागात ६०० रुपये, ग्रामीण भागात ७००. रक्कम क्षुल्लक आहे. तरी दाखला पिशवीत ठेवताना मुली थांबतात. एकीने मला विचारले, “बाई, तिथं दाखवला तर बाजूची बाई हातचं पाणी घेईल का?” तिचा प्रश्न काल्पनिक नव्हता. १९९० साली मी स्वतः वॉर्डात पडलेली असताना शेजारच्या खाटेवरच्या आजीने आधी आडनाव विचारले, मग गाव, आणि मग आपला तांब्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. दोन दिवसांची बाळंतीण मी, काही बोलले नाही. जात विचारणारे दोन असतात. एक तांब्या हलवण्यासाठी विचारतो, दुसरा देणे देण्यासाठी. दुसऱ्याला दाखला दाखवावा, पहिल्याला सांगायचे बंधन नाही. हे त्या मुलीला समजावताना मला अवघड गेले, कारण वॉर्डात हे दोघे एकाच वेळी समोर असू शकतात.

पिशवीतले सुटे पैसे हाही असाच विषय. मुलगा झाला की पेढ्यांचे पाचशे, मुलगी झाली की दोनशे, असा अलिखित दर मी वेगवेगळ्या ठिकाणच्या बायांकडून ऐकला आहे. घेणारीही बहुधा कंत्राटावरची, आपल्यातलीच बाई असते, तिचा पगारही वेळेवर होत नसतो. म्हणून तिच्यावर ओरडणे मला जमत नाही. पण मुलीचा दर कमी का, हे मी दरवेळी विचारते.

जाण्याच्या वाटेचाही विचार हवा. मांजर्ली बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय. गुंतागुंत झाली की पुढे कळवा, ठाणे किंवा थेट मुंबई. आपल्याला कोठे पाठवतील हे आधी माहीत नसते, म्हणून पिशवी एका बाईला एका हाताने उचलता येईल एवढीच असावी. १०८ किंवा १०२ वर फोन करावा, आशाताईंचा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न पाहता निघावे. तपासणीला लोकलने जायचे झाले तर गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यात बसता येते, हेही अनेकींना ठाऊक नसते.

२०१९ च्या जुलैत माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. २६ तारखेच्या रात्री पाऊस थांबेना. २७ ला सकाळी उल्हास नदीचे पाणी पश्चिमेच्या सखल भागात शिरले. त्याच पाण्यात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते, आणि त्यांत नऊ गरोदर बाया होत्या. त्या सगळ्या सुखरूप बाहेर निघाल्या. आमच्याकडे कुणी बोट घेऊन येणार नव्हते. आम्ही मुलीला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेले. मोठी पिशवी खालीच राहिली आणि भिजली. लहान पिशवी तिने स्वतः पोटाशी धरून जिना चढली. कागद दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून ठेवले होते, म्हणून वाचले. कपडे दोन दिवसांनी पुन्हा धुऊन वाळवले, पाऊस असल्याने तव्यावर तापवलेल्या इस्त्रीने. कागद भिजले असते तर कुठल्या उन्हात वाळवले असते?

कागदांत नावे नीट असावीत, यावर माझा शिक्षिकेचा हट्ट आहे. केस पेपरवर जे नाव लागते तेच पुढे जन्मनोंदणीत जाते. नोंदणी २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचे नाव येते, मग वडिलांचे. शाळेत मी जन्मभर चुकलेली नावे दुरुस्त करण्याचे अर्ज लिहिले. हाताने केलेला एक काना मुलाला दहा वर्षे नडतो.

शेवटची वस्तू एक वही आणि पेन. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहून जाते, म्हणून पाटाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत आपल्याकडे होती. माझ्यासाठीही ठेवली असेल, पण आमच्या घरात लिहिता येणारे कुणी नव्हते. मी ती वही पाचव्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी पिशवीत घालायला सांगते. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, डॉक्टर काय म्हणाले, बाहेरून काय आणायला लावले, किती रुपये लागले, सारे बरोबर असलेल्या बाईने लिहावे. २०१६ पासून प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई असू देण्याची केंद्र सरकारची सूचना आहे. ती लिहिणारी असली तर फार बरे.

मुलीच्या वेळी ती वही माझ्याकडे होती. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे: पहाटे ४ वाजून १० मिनिटे. मुलगी. वजन २ किलो ६०० ग्रॅम. लगेच रडली. ४.४० ला अंगावर घेतली. हातमोजे बाहेरून आणले, पावती क्रमांक वर टाचला आहे.